बसऱ्याचं पान

आमच्या माहेरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं वाढतात. आजोबा-आजीचं, पणजोबा-पणजीचं, आणि सगळ्यात शेवटी, जरा बाजूला, 'बसऱ्याचं'. लहानपणी मला वाटायचं, बसरा हे कुणा माणसाचंच नाव असावं. ते एका गावाचं नाव आहे, आणि ते गाव समुद्रापलीकडे आहे, हे मला शाळेत नकाशा भरायला लागल्यावर कळलं.

गेल्या भाद्रपदात मुलाला घेऊन म्हाळाला गेले होते. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, पावसानं अजून पाठ सोडलेली नव्हती. मुलगा सातवीत आहे. माझ्याशी मराठी बोलतो, वडिलांशी आणि सासरच्या मंडळींशी कन्नड. भटजी एकेक नाव विचारत होते, अण्णा सांगत होते आणि पाणी सोडत होते. शेवटच्या पानाशी अण्णा म्हणाले, "आणि बसऱ्याचे." भटजींनाही ते दरवर्षीचं. ते पुढे निघाले, एवढ्यात आमचे चिरंजीव मध्येच म्हणाले, "आज्जा, हेसरेनु? त्यांचं नाव काय?"

अण्णा थांबले. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी आत्याकडे. आत्या म्हणाली, "बसऱ्याचे आजोबाच म्हणायचो की आपण." मुलगा हट्टाला पेटला. "पण नाव असेलच ना?"

मी कॉलेजात वीस वर्षं इतिहास शिकवते. पहिलं महायुद्ध दरवर्षी शिकवते. साराजेव्होतला गोळीबार, व्हर्दून, सोम, व्हर्सायचा तह, सगळं सनावळीसकट. आणि माझ्याच घरातून त्या युद्धात गेलेल्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर ते ठाऊक नाही हेही मला मुलानं विचारेपर्यंत जाणवलं नव्हतं.

घरात जे माहीत होतं ते एवढंच. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ पलटणीत भरती झाला. लग्न झालेलं होतं, बायको अकरा-बारा वर्षांची. 1914 च्या अखेरीस तो बोटीनं बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. ती मुलगी आमच्याच घरी राहिली, वाढली, म्हातारी झाली. तिला सगळे 'बसऱ्याची आजी' म्हणत. ती 1968 साली वारली. अण्णांचा जन्म 1947 चा. त्यांना तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. ती नवऱ्याबद्दल कधी बोलायची नाही. नाव घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्या काळी नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, एरवी नाही; आणि विधवेला उखाणा कोण घ्यायला सांगणार? पणजोबा अण्णांच्या जन्माआधीच गेले होते. म्हणजे ज्यांना नाव ठाऊक होतं त्यांतले काही गेले, आणि जी उरली तिनं ते उच्चारलं नाही.

ते बसऱ्याला गेले म्हणजे कुठे गेले, हे आता सांगायला हवं. नोव्हेंबर 1914 मध्ये इंग्रज सरकारनं तुर्कांविरुद्ध जी फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरवली, तिच्यात सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : 103वी, 110वी आणि 117वी. त्याच महिन्यात बसरा पडलं. पुढच्या वर्षी जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन तैग्रीस नदीच्या काठाकाठानं बगदादच्या रोखानं वर सरकत राहिला. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली, फौजेचं फार नुकसान झालं आणि तिला माघार घ्यावी लागली. नदीच्या वळणावरच्या कूट या गावात ती थांबली आणि तिथंच वेढली गेली.

डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने हा वेढा चालला. धान्य संपत गेलं. घोडे मारून खायची वेळ आली. आपल्याकडचे बरेच शिपाई घोड्याचं मांस खायला तयार नव्हते. घरी कळलं तर जातीबाहेर टाकतील ही धास्ती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, तरी अनेकांनी शेवटपर्यंत टाळलं. भाजीपाल्याअभावी हिरड्या सुजून रक्त यायचा रोग पसरला. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, त्यानं काय होणार? वेढा फोडायला खालून दुसरी फौज आली, शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नायत अशा लढाया झाल्या आणि त्या सोडवणुकीत सुमारे 23,000 माणसं मेली वा जखमी झाली. शेवटी टाउनशेंडनं शस्त्रं खाली ठेवली. सुमारे 13,000 लोक कैदेत गेले. त्यांतले बहुसंख्य हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे कामकरी. वाळवंटातून त्यांना पायी चालवत नेलं, आणि हजारो परतलेच नाहीत.

आमच्या बेळगावात हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. 1922 साली मराठा पलटणींची एकत्र रेजिमेंट झाली तेव्हापासून तिचं केंद्र इथंच, आपल्या कॅम्पात आहे. सकाळी बिगुल ऐकतच आपण चहा घेतो. पण वर्गात मी "कूट कुठं आहे?" असं विचारलं तर साठ मुलांत एखादा हात वर येतो, तोही ज्याचे वडील फौजेत असतात त्याचा.

म्हाळ झाला, मी बेळगावला परतले, पण मुलाचा प्रश्न काही सुटेना. शेवटी मी शोधायला बसले.

युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचं काम ब्रिटिशांनी 1917 साली एका कमिशनकडे सोपवलं. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. त्याचं तत्त्व फार मोठं होतं : मरणात सगळे सारखे. हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताचं नाव कुठं तरी दगडावर कोरायचं. ज्याचं थडगं सापडलं त्याचं थडग्यावर, ज्याचं नाही त्याचं स्मारकाच्या भिंतीवर. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल इथं 1927 साली उभारलेल्या स्मारकावर खरोखरच चार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावं एकेक करून कोरलेली आहेत.

बसऱ्याचं स्मारक 1929 चं. ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते आहे, आणि त्यांतले बहुसंख्य हिंदी. तिथं गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची नावं कोरली. आणि साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला : 'आणि इतर इतके हिंदी सैनिक'. नावं कागदावरच्या यादीत ठेवली, दगडावर नाही. तोच शिपाई फ्रान्समध्ये मेला असता तर नाव राहिलं असतं; इराकात मेला म्हणून संख्येत गेला.

या भेदभावाची कबुली यायला नव्वदेक वर्षं लागली. एप्रिल 2021 मध्ये कमिशनच्याच एका समितीनं अहवाल दिला. त्यात हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन मिळून 45,000 ते 54,000 मृतांना बरोबरीनं स्मरलं गेलं नाही, आणि आणखी किमान 1,16,000 जणांची नावानिशी नोंदच नाही, असं लिहिलं आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी 22 एप्रिल 2021 रोजी पार्लमेंटात माफी मागितली.

हे वाचताना मला राग आला. मग वाटलं, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? महाराष्ट्रात कित्येक गावांत चावडीजवळ वा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून तर 46 जण त्या युद्धात गेले ते गेलेच. त्या गावाला आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. या पाट्यांवरही आकडाच. आणि आमच्या घरी? पाटी नाही, आकडा नाही, नुसतं एक पान.

हे सगळं मी रात्री जेवताना घरात बोलून दाखवलं. माझे सासरे धारवाडकडचे. त्यांना आम्ही 'मावा' म्हणतो. शिक्षक म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "तुमच्या मराठीत 'वीरगळ' म्हणतात ना, तो आमचा 'वीरगल्लु'. कल्लु म्हणजे दगड. आमच्या शेताच्या बांधावर एक आहे." खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य, असा तो दगड आपल्या दोन्ही मुलखांत गावोगाव दिसतो. मावा म्हणाले, "आमच्याकडच्या पुष्कळ वीरगल्लांवर अक्षरं असतात. अमक्याचा मुलगा अमका, गावची गुरं पळवून नेत होते ती सोडवताना पडला. राजाचं नावही असतं, पण गुरं सोडवणाऱ्याचंही असतं. हजार वर्षांपूर्वीच्या खेड्याला जे सुचलं ते त्या साहेबांना कसं सुचलं नाही?"

मला उत्तर देता आलं नाही.

कमिशनच्या कागदावरच्या याद्या आता संगणकावर कुणालाही पाहता येतात, फुकट. हिंदी शिपायांच्या काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही आहे. अडचण फक्त स्पेलिंगची. भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. आमच्या गावाचं नाव मी नऊ प्रकारांनी लिहून पाहिलं. नवव्या प्रकाराला एक नोंद निघाली. शिपाई, मराठा पलटण, मार्च 1916, बसरा स्मारक. गाव जवळजवळ बरोबर, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. वडिलांचं नाव आमच्या खापरपणजोबांचं. आणि पुढे त्या शिपायाचं नाव.

मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. पण फोन केला नाही. रविवारची वाट पाहिली आणि मुलाला घेऊन गावी गेले.

अण्णा पडवीत बसले होते. मी कागद काढला आणि नाव वाचलं. अण्णांनी चष्मा काढला. "परत वाच." मी परत वाचलं.

"हे माझं नाव आहे गं," अण्णा म्हणाले.

वाचकहो, आमच्या अण्णांना सगळा गाव 'अण्णा' म्हणतो. आईही तेच म्हणे, आम्ही मुलंही, आता नातवंडांतली थोरलीही. त्यांचं कागदोपत्री नाव शाळेच्या दाखल्यावर, उताऱ्यावर आणि बँकेच्या पुस्तकावर, बस्स. हे असं का, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. अण्णाच हळूहळू सांगायला लागले. त्यांना 'अण्णा' म्हणायला सुरुवात केली ती बसऱ्याच्या आजीनं. पाळण्यात असल्यापासून. घरात बाकीचे नावानं हाक मारायचे, ती कधीच नाही. शाळेतून यायला उशीर झाला तर वेशीपर्यंत येऊन 'अण्णा रे' म्हणून हाका घालायची. मग तिचं ऐकून सगळेच अण्णा म्हणायला लागले. "मला वाटायचं, मी थोरला म्हणून," ते म्हणाले.

थोरला म्हणून नव्हे. बारशाला आजोबांनी आपल्या चुलत्याचं नाव मुलाला दिलं, आणि त्या मुलाला वाढवणारीला ते नाव तोंडानं घेता येत नव्हतं.

थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "माझे वाळे त्याच्याच चांदीचे होते." आजीकडे नवऱ्याचं चांदीचं एक पदक होतं. अण्णा झाले तेव्हा तिनं ते सोनाराकडे देऊन बाळाला वाळे करून घेतले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात विशेष असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण मी या शोधात नुकतंच वाचलं होतं की त्या युद्धपदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण आणि नाव कोरलेलं असे. बसऱ्याच्या दगडावर जे कोरलं नाही ते सरकारनं त्या चांदीच्या कडेवर कोरून घरपोच पाठवलं होतं. आजीला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी तिनं तेच केलं असतं, असं मला वाटतं.

इतिहास शिकवणारी बाई म्हणून एक सांगायला हवं. एका नोंदीवर निकाल देऊ नये, असं मी विद्यार्थ्यांना बजावते. गावाचं स्पेलिंग चुकीचं आहे, त्या नावाचे शिपाई आणखीही आहेत. पण वडिलांचं नाव, तालुका, पलटण आणि साल चारही जुळतात. माझ्यापुरतं मी मानलं आहे.

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एका विद्यार्थिनीनं रोखठोक विचारलं, "मॅडम, ते इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढले. मग त्यांना आपण कशाला आठवायचं?" प्रश्न योग्य आहे. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं त्या युद्धात समुद्रापार गेली, सुमारे 74,000 मेली, आणि त्या बदल्यात देशाला 1919 मध्ये काय मिळालं ते जालियनवाला बागेत दिसलं. कूटची लढाई आपली नव्हती. पण माणूस आपला होता. कुणी पगारासाठी गेला, कुणी भावाची शेती कर्जातून सुटावी म्हणून, कुणी घरची रीत म्हणून. लढाई कुणाची होती याचा हिशेब इतिहास करील. नाव ठेवणं हे घरचं काम आहे.

दुसऱ्या महायुद्धात ही चूक बरीचशी सुधारली, हेही सांगायला हवं. मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. ते एकटे धावून गेले, ती मशिनगन बंद पाडली आणि तिथंच गोळ्या लागून मेले. वय बावीसच्या आसपास. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. एवढंच नाही, 2023 साली इटलीतल्या मोंतोने या लहानशा गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन त्यावर आहे. ज्या गावाशी आपलं भाषेचं, रक्ताचं काही नातं नाही ते गाव ऐंशी वर्षांनी माणगावच्या मुलाचं नाव काढतं. आपल्याला आपल्या घरातलं काढायला काय हरकत आहे?

म्हणून वाचकहो, एक विनंती. घरात कुणी 'बसऱ्याला गेलेले', 'फ्रान्सला गेलेले', 'आफ्रिकेच्या लढाईतले' असतील तर या दिवाळीत थोरल्यांना नाव विचारा. आजी-पणजीनं नाव घेतलं नसेल तर तिनं कुणाला कोणत्या टोपणनावानं हाक मारली ते विचारा. जुनं पदक असेल तर मोडीत घालण्याआधी त्याची कड भिंगाखाली धरा. उतारे, दाखले, मधली नावं पाहा. आणि सापडलं की एका वहीत लिहा; मराठीत लिहा आणि कन्नडमध्येही लिहा, म्हणजे आपल्या पुढच्या पिढीतलं कोणतंही पोर ते वाचू शकेल. आमच्याकडे मुलानं दोन्ही लिप्यांत लिहिलं आहे. कन्नडमधलं अक्षर जास्त चांगलं आलंय, हे मावा आल्यागेल्याला दाखवतात.

ते नाव मी इथं छापत नाही. अण्णा म्हणाले, "पेपरात नको, पानावर घेऊ." पण माझ्या एम. ए.च्या प्रमाणपत्रावर माझ्या नावानंतर तेच नाव आहे. इतकी वर्षं ते मी बरोबर घेऊनच फिरत होते.

आता तारीख मिळाली आहे, तिच्यावरून तिथी काढता येईल. मी अण्णांना म्हटलं, पुढच्या वर्षीपासून म्हाळ त्या तिथीला घालू या का? अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नको. तिनं अमावास्याच धरली होती. इतकी वर्षं तो त्याच दिवशी येतोय. तारीख बदलली तर चुकायचा."

तेव्हा यंदाही अमावास्येलाच. फक्त पान आता बाजूला नाही, ओळीत वाढायचं.